वर्गातील नासाडी व तिचे निवारण

प्राथमिक शाळेचा वर्ग सुटल्यानंतर जो केर निघतो, त्याकडे बहुधा कोणी निरखून पाहत नाही. तो झाडून टोपलीत भरला व दाराबाहेर नेला, म्हणजे वर्ग स्वच्छ झाला, अशी सामान्य समजूत आहे. परंतु त्या केरात काय असते ते पाहावे. अर्धवट लिहून फाडलेले कागद, बोटभर उरलेल्या पेन्सिली, खडूंचे तुकडे, डब्यातील पोळी-भाजी आणि खाऊची चकचकीत वेष्टने! यांपैकी मुळातच निरुपयोगी अशा वस्तू फार थोड्या. बाकीच्या आपण निरुपयोगी केलेल्या असतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची धाकटी भावंडे अशा वर्गांत शिकत आहेत. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम हा केर जातो कोठे, हे पाहू. शिरूर व दौंड ही नगरपरिषदांची गावे आहेत. तेथे केर उचलण्याचे काम नगरपरिषदेचे. परंतु या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ शाळा खेड्यांत व वाड्यावस्त्यांवर आहेत. तेथे केर शाळेमागील खड्ड्यात तरी पडतो, नाही तर त्यास काडी लागते. प्लॅस्टिक उघड्यावर जाळिले असता विषारी धूर निघतो, आणि तो प्रथम जातो तो शेजारच्या वर्गात बसलेल्या मुलांच्याच छातीत. जी वेष्टने जळत नाहीत ती वाऱ्याने ओढ्यात जातात. ओढा घोडनदीस मिळतो, घोडनदी भीमेस मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. तात्पर्य, आपण केर ‘टाकितो’ असे म्हणतो खरे, परंतु तो दृष्टीआड होतो इतकेच.

आता कागदाचा हिशेब करू. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दररोज वहीतील केवळ एक कागद फाडिला, असे धरा. शिक्षणहक्काच्या सन २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षात किमान २०० दिवस कामाचे ठरवून दिले आहेत. म्हणजे वर्षअखेर ८,००० कागद, अर्थात शंभर कागदांच्या ८० वह्या केरात गेल्या! ज्या घरची आई ऊसतोडीस किंवा कांद्याच्या काढणीस जाऊन वह्यांचे पैसे जमविते, त्या घरास या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

यावर उपाय साधे आहेत. चूक झाली तर पान फाडू नये, चुकीवर एक आडवी रेघ ओढावी. त्यामुळे मूल कोठे अडते, हेही शिक्षकास कळते. कच्ची आकडेमोड पाटीवर करावी. वर्षअखेर जुन्या वह्यांतील कोरे कागद काढून ते दोऱ्याने शिवावे, म्हणजे पुढील वर्षाची कच्ची वही तयार होते. आखूड पेन्सिलीस जुन्या पेनाचे टोपण बसविले, तर ती आणखी काही दिवस हातात धरता येते.

मात्र केवळ सोय करून दिल्याने सवय लागत नाही, हेही लक्षात ठेविले पाहिजे. सन २०२३ मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून राज्यातील पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडण्यात आली. मुले वह्या आणीतच राहिली, आणि सन २०२५ मध्ये ती योजना बंद झाली. हेतू उत्तम होता. परंतु कागद वाचतो तो वर्गात रोज पाळलेल्या शिस्तीने.

कागदाहून अन्नाची नासाडी अधिक गंभीर होय. शाळेतील मध्यान्ह भोजनाची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तीत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य धरितात. ताटात खिचडी एकदम पुष्कळ वाढिली, तर उरते. थोडी वाढून पुन्हा मागण्याची मोकळीक दिली, तर उरत नाही. दौंड तालुक्यातीलच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अन्नावाचून निराधार झालेल्या शेकडो मुलींस आश्रय दिला. एका घासाचे मोल काय, हे या भूमीने पाहिले आहे. पाच हजारांस भाकरी पुरविल्यानंतर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, व त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, असे योहान सांगतो. जो पाहिजे तितके निर्माण करू शकत होता, त्यानेही तुकडा वाया जाऊ दिला नाही!

इतके करूनही भाजीची देठे, फळांच्या साली व झाडांचा पाला उरतोच. त्यासाठी बुडाशी व अंगास छिद्रे पाडलेला एक जुना माठ घ्यावा. त्यात एक थर ओल्या केराचा व त्यावर दुप्पट थर वाळक्या पाल्याचा, असे रचीत जावे. आतील ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी, व आठवड्यातून एकदा काठीने तो ढवळावा. दुर्गंधी आली तर पाणी अधिक किंवा वारा कमी झाला असे समजून वाळका पाला घालावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत मिळते. उरलेला पाला जाळू नये, रोपांच्या बुडाशी पसरावा. आपल्या कमी पावसाच्या मुलखात त्याने जमिनीतील ओल टिकते.

कोरडा केर निराळा ठेवावा. खरकट्याने भिजलेली रद्दी फारशी कोणी घेत नाही. कोरडी असली तर तिचा पुन्हा कागद होतो. पुण्यात केर वेचणाऱ्यांनी सन १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. त्यांच्यासाठी नीट निवडलेला केर म्हणजे रोजची भाकर, व एकत्र कालविलेला केर म्हणजे हातास होणारी जखम. चकचकीत वेष्टनांत मात्र प्लॅस्टिक व धातू यांचे थर एकमेकांस चिकटलेले असल्यामुळे ती भंगारवालाही सहसा घेत नाही. यास्तव ती वर्गात न आणणे हाच खरा उपाय; वाढदिवसाच्या खाऊस शेंगदाण्याचा लाडू काय वाईट?

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. केर काढणे ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये, आणि ते काम केवळ मुलींकडे किंवा ठराविक मुलांकडेच सोपवू नये. आपल्या समाजाने झाडू काही विशिष्ट हातांतच देऊन ते हात हलके मानिले. हा अन्याय वर्गातही चालू राहिला, तर खताचा माठ कितीही उत्तम असो, आमचे शिक्षण फसले असेच म्हणावे लागेल. पाळी सर्वांची असावी, आणि तीत शिक्षकांचीही असावी. ज्या मुलाने स्वतः केर निवडला आहे, ते पुढे कागद फाडण्यापूर्वी क्षणभर थांबते, आणि केर वेचणाऱ्या बाईशी आदराने बोलते. प्राथमिक वर्गाने इतके शिकविले, तर त्याचे पुष्कळसे काम झाले.