सोन्या हेनी: पदकांनंतरची कमाई

आमच्या गावात कितीही थंडी पडो, पाणी काही गोठत नाही. फिगर स्केटिंग आपण पडद्यावरच बघायचं. पण नॉर्वेच्या सोन्या हेनीची गोष्ट माहीत हवीच!

१९२४ च्या ऑलिंपिकमध्ये ती ११ वर्षांची. खेळता खेळता कडेला जाऊन प्रशिक्षकाला विचारायची, आता पुढे काय करू? शेवटची आली. मग १९२८, १९३२ आणि १९३६, तिन्ही वेळा सुवर्ण. शिवाय सलग १० जागतिक विजेतेपदं!

हौशी खेळाडूला तेव्हा खेळातून पैसा घ्यायला बंदी होती. म्हणून १९३६ मध्ये तिने स्पर्धा सोडल्या, थेट हॉलिवूड गाठलं आणि तिथल्या बर्फाच्या रिंकवर स्वतःचे खेळ लावले. सिनेमावाल्यांनी बघावं म्हणूनच! ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तिला करारबद्ध केलं. पुढे चित्रपट, दौरे आणि अफाट पैसा. हिटलरला तिने केलेला नाझी सलाम मात्र मला आजही खटकतो. कमावलेल्या पैशातून तिने नवऱ्यासोबत चित्रं जमवली आणि १९६८ मध्ये ऑस्लोजवळ कलासंग्रहालय उघडलं.

आपल्या तेलंगणाच्या अनुप कुमार यामाने हीच कला चाकांच्या स्केटवर गाजवली: २०१० च्या आशियाई स्पर्धेत दोन कांस्यपदकं, २०१५ चा अर्जुन पुरस्कार. पोरांना त्याचे व्हिडिओ जरूर दाखवा.