वॅटच्या आकड्यांपलीकडे: डॉक स्पीकर कसा पारखावा

दुकानात पोर्टेबल स्पीकर मागितला की आधी वॅट सांगितले जातात, मग बॅटरीचे तास, मग 'वॉटरप्रूफ आहे' हे. गिऱ्हाईकही तेच विचारतं. पण आवाज कसा आहे आणि वस्तू खरंच सोबत नेता येईल का, हे त्यातून फारसं कळत नाही. ॲपलने 2003 मध्ये आयपॉडला तीस पिनांचा जोड दिला आणि त्यावर बसणाऱ्या डॉक स्पीकरांची लाट आली. आज नवे स्पीकर बहुतेक ब्लूटूथवर चालतात. तरी जुने डॉक अजून कपाटांत आहेत, वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि त्यांच्याविषयीचे समज नव्या स्पीकरांनाही चिकटले आहेत.

'वॅट जास्त, म्हणजे आवाज मोठा'

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला कळतो, पण जेमतेम. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शिवाय तेवढ्याच विजेत एक स्पीकर जास्त वाजतो, दुसरा कमी. एका वॅटला एक मीटर अंतरावर 90 डेसिबल देणारा स्पीकर 10 वॅटवर जेवढा वाजेल, तेवढंच वाजायला 84 डेसिबलवाल्याला 40 वॅट लागतील. ही माहिती खोक्यावर क्वचितच असते. खोक्यावर 'पीएमपीओ' लिहून हजारांत आकडा दिला असेल तर तो सरळ सोडून द्यावा, कारण तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य प्रमाणच नाही. बघायचाच तर आरएमएस वॅटचा आकडा बघावा.

'20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' या ओळीचंही तसंच. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सोबत लिहिलेलं नसेल, तर त्या ओळीवरून काहीच ठरवता येत नाही.

'आता तंत्रज्ञान इतकं पुढे गेलंय की छोट्या डब्यातूनही सगळं ऐकू येतं'

हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. स्पीकरचा एक मूलभूत नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो: खोल खर्ज, छोटा डबा आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोन घ्या, तिसरी सोडा. छोट्या स्पीकरमधले पॅसिव्ह रेडिएटर (डब्यातल्या हवेच्या दाबाने हलणारे, वीज न लागणारे पडदे) आणि आतली डिजिटल चिप यांनी ही सीमा बरीच ताणली आहे, पण नियम मोडलेला नाही.

हे ऐकायचं असेल तर तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण 138 हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. तळहाताएवढ्या स्पीकरला हा मूळ सूर पुरेशा जोराने देता येत नाही. तरीही आपल्याला खर्ज 'ऐकू' येतो. कारण त्या तारेतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांशही निघत असतात, आणि मूळ सूर गायब असला तरी त्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो. पाचवा स्वरांश म्हणजे आपला स्वयंभू गंधार. तो 346 हर्ट्झच्या आसपास असतो आणि कुठलाही बरा स्पीकर तो सहज देतो. म्हणून छोट्या स्पीकरवर तानपुरा ओळखू येतो, गंधार झळकतो, पण खोली भरून टाकणारं खर्जाचं वजन मात्र येत नाही. काही कंपन्या कानाच्या याच गुणाचा फायदा घेऊन वरचे स्वरांश मुद्दाम वाढवतात आणि 'डीप बास' म्हणून विकतात.

डग्ग्यावर तर फरक आणखी उघडा पडतो. मनगट दाबून तबलजी घुमारा खालून वर नेतो तेव्हा चांगल्या स्पीकरवर तो सूर सलग सरकताना ऐकू येतो. कमकुवत स्पीकरवर खालचा भाग गळतो. आधी नुसती थाप, मग मध्येच कुठूनतरी उगवलेला सूर. ओळखीचं तबलावादन घेऊन दुकानात गेलात तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

दुसरी कसोटी नुसत्या बोलण्याची. बातम्या वाचणारा पुरुषी आवाज लावून बघा. तो मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत असेल तर खालचा पट्टा फुगवलेला आहे. दमदार खर्जाच्या मोहात ही खोट गाण्यात लपते, बोलण्यात लपत नाही.

'दुकानात ऐकून घेतलं की झालं'

दोन स्पीकर शेजारी ठेवून वाजवले तर थोडा मोठ्याने वाजणारा जवळजवळ नेहमीच चांगला वाटतो. म्हणून तुलना करण्याआधी दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. ते भरून काढायला आजचे बरेच स्पीकर हळू आवाजात खर्ज वाढवतात, आणि आवाज चढवला की पडदा फाटू नये म्हणून तोच खर्ज कापतात. त्यामुळे मध्यम आवाजात भरदार वाटलेला स्पीकर गच्चीवरच्या मैफलीत पातळ आणि चिरका होतो. रात्रीचा हळू, रोजचा आणि पूर्ण चढवलेला, अशा तिन्ही आवाजांत ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जागेचाही हिशेब आहे. भिंतीला टेकवलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. मोकळ्यावर भिंतींची ती मदत नसते आणि अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. त्यामुळे दुकानातल्या फळीवर ऐकलेला स्पीकर अंगणात वेगळा वाटणारच.

'दोन स्पीकर आहेत, म्हणजे स्टिरिओ'

स्टिरिओचा विस्तार कळायला डावा-उजवा स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो, म्हणजे 60 अंशांचा कोन. डॉकमधले दोन स्पीकर एकमेकांपासून 25 सेंटीमीटरवर आणि तुम्ही दोन मीटरवर, तर हा कोन जेमतेम सात अंश भरतो. त्याला व्यवहारात मोनोच म्हणावं. टेबलावर हाताच्या अंतरावर ठेवून ऐकणार असाल तर थोडा फायदा मिळतो, एवढंच.

'खाचेत बसवलं की आवाज शुद्ध डिजिटल'

तीस पिनांचे बहुतेक डॉक आयपॉडच्या आतच ॲनालॉग झालेला सिग्नल घेत. हेडफोनच्या खाचेपेक्षा तो बरा, कारण हेडफोनचा ॲम्प्लिफायर मध्ये येत नसे. पण तो डिजिटल नव्हे. आयपॉडमधून थेट डिजिटल सिग्नल काढणारं वाडियाचं उपकरण 2008 मध्ये आलं, आणि तशी उपकरणं मोजकीच होती. उलट, ब्लूटूथ म्हटलं की आवाज खराबच, हेही खरं नाही. एसबीसी हा ब्लूटूथ संगीताचा सक्तीचा मूळ कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत. एएसी, एपीटीएक्स ही पुढची नावं. तीन इंची पडद्याच्या स्पीकरवर त्यांच्यातला फरक शोधण्यापेक्षा पडदा आणि डबा नीट पारखणं माझ्या मते कितीतरी महत्त्वाचं आहे.

'बॅटरीवर चालतो, म्हणजे पोर्टेबल'

ॲपलने फेब्रुवारी 2006 मध्ये 349 डॉलरला 'आयपॉड हाय-फाय' आणला. दोन्ही बाजूंना धरायला खाचा आणि टॉर्चमधल्यासारखे सहा जाडे डी सेल. पण सेल न घालताच त्याचं वजन 6.6 किलो होतं. दिवाणखान्यातून गच्चीवर न्यायला ठीक, पण एसटीत मांडीवर घेऊन प्रवास करायला नव्हे. सप्टेंबर 2007 मध्ये तो बंद झाला. उचलता येणं आणि सोबत नेता येणं यांतला हा फरक वजनाच्या आकड्याइतकाच लहानसहान गोष्टींत असतो. चार्जर साधा यूएसबी-सी आहे की वेगळा अवजड ॲडॉप्टर वागवावा लागतो? धरायला मूठ आहे का? फोन खाचेत उभा असताना डॉक उचलला तर सगळा ताण जोडावर येतो, म्हणजे दर वेळी फोन काढायचा, हलवायचं, पुन्हा बसवायचा.

बॅटरीचे तास मध्यम आवाजावर मोजलेले असतात. चढ्या आवाजात ते झपाट्याने घटतात. एमएएचचा आकडाही एकटा फसवतो. 3.7 व्होल्टची 5000 एमएएच आणि 7.4 व्होल्टची 2500 एमएएच या दोन्हींत 18.5 वॅट-तासच ऊर्जा असते. तुलना वॅट-तासांतच करावी.

'वॉटरप्रूफ'चं थोडक्यात: आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात 30 मिनिटं. समुद्राच्या पाण्याची त्यात चाचणी नाही, आणि 'एक्स' म्हणजे धूळ-वाळूचा दर्जा दिलेलाच नाही. तारकर्लीला न्यायचा असेल तर आयपी67 घ्यावा, परतल्यावर गोड्या पाण्याने धुवावा आणि खाच पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

जुना डॉक घेत असाल तर बॅटरी संपलेली आहे असंच धरून किंमत करा, कारण लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला असेल तर ॲडॉप्टरवर '100-240 व्होल्ट' लिहिलंय का ते प्लग लावण्याआधी वाचा. नुसतं 120 लिहिलेला ॲडॉप्टर आपल्या 230 व्होल्टवर जळेल. आणि मागे 3.5 मिलिमीटरची ऑक्स खाच आहे का ते बघा. ती असली तर कुठलाही फोन वायरने जोडता येतो. नसली तर तीस पिनांवर बसणारे छोटे ब्लूटूथ रिसीव्हर मिळतात.