‘शमुएल’ म्हणजे ‘देवाने ऐकले’ नव्हे

ज्याला आपण इंग्रजी वळणाने सॅम्युएल म्हणतो त्या ‘शमुएल’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘देवाने ऐकले’ असा आहे, हे विधान नावांच्या पुस्तिकांतून आणि प्रवचनांतून इतक्या वेळा व इतक्या निःशंकपणे कानी येते की, त्याचा एकदा सविस्तर खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

हिब्रूत ‘ऐकणे’ हा धातू शीन, मेम व आयिन या तीन वर्णांचा आहे. ‘शमुएल’ लिहिताना शीन, मेम, वाव, आलेफ व लामेद हे वर्ण येतात. आयिन त्यांत कोठेच नाही. ज्या धातूचा एक मूळ वर्णच गैरहजर, त्याचा या नावावरील हक्क कोणत्या दाखल्यावर मान्य करावा? देवाचे ऐकणे ज्या नावांत खरोखर आहे, त्या इश्माएल व शिमोन या दोहोंत आयिन शाबूत आहे. ‘शमुएल’ची फोड वेगळी आहे: ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव. ब्राउन, ड्रायव्हर व ब्रिग्ज यांच्या १९०६ च्या हिब्रू कोशात ‘देवाचे नाव’ हाच अर्थ दिलेला आहे, आणि ‘पनुएल’ म्हणजे ‘देवाचे मुख’ या स्थलनामाची घडणही अशीच आहे.

यावर धर्मग्रंथाचा आधार पुढे केला जातो. पण तो ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही! बायबलातील शमुएलाच्या पहिल्या पुस्तकात (१:२०) त्याची आई हन्ना सांगते की, हा पुत्र मी परमेश्वरापाशी मागून घेतला. तिथे ‘ऐकणे’ नाही, ‘मागणे’ आहे, आणि त्या ‘शाअल’ धातूशी खरे जुळते ते शौल राजाचे नाव. यास्काचे निरुक्त ज्यांनी चाळले आहे त्यांना हे सांगावयास नको की, प्राचीनांचे निर्वचन ध्वनिसाम्यावरही उभे राहते आणि त्यातील भाव सत्य असला तरी ती शब्दाची व्युत्पत्ती ठरतेच असे नाही.

सॅमसन हे याच कुळातले नाव नव्हे; ते ‘शेमेश’ म्हणजे सूर्य यावरून आले. सॅम्युएलमधील आरंभीचा ‘स’ही इंग्रजांनी घातलेला नाही. ग्रीक लिपीत ‘श’ नसल्यामुळे तो तेथेच शिरला. आणि शमुएल हे नाव आपल्याकडे केवळ पाद्र्यांबरोबर आले, असे म्हणणाऱ्यांनी कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे पाहावे: तेथे शमुएलाचा ‘सामाजी’ झाला, आणि सामाजी हसाजी दिवेकर या अशाच एका गृहस्थाने १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग मांडवी भागात बांधले.