पर्याय कायद्यात, पैसा मात्र भिंतींत

लखनऊ : गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, तत्कालीन संयुक्त प्रांताच्या विधिमंडळाने प्रथम अपराध्यांच्या परिवीक्षेचा कायदा संमत केला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर असताना तेथेही परिवीक्षेचा कायदा झाला. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजातच ठेवावे, हा या दोन्ही कायद्यांमागील विचार होता. केंद्राचा परिवीक्षा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९५८ मध्ये आला. म्हणजे या एका बाबतीत लखनऊ आणि मुंबई दोघीही दिल्लीच्या पुढे होत्या.

आज उत्तर प्रदेशात त्या विचाराची खूण एका पदनामात शिल्लक आहे. येथे प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा प्रोबेशन अधिकारी' असतो. मात्र त्याच्या टेबलावर निराश्रित महिलांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज असतात, २०१९ पासून कन्या सुमंगला योजनेचे असतात आणि २०२१ पासून मुख्यमंत्री बाल सेवा योजनेचेही असतात. या योजना निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या कामावरून या अधिकाऱ्याला नाव मिळाले, ते काम त्याच्या दिवसाच्या अखेरीस उरलेल्या वेळात करावे लागते. अल्पवयीनांसाठी 'युवा न्यायालये' असावीत आणि त्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, या मागणीचा विचार करताना ही वस्तुस्थिती आधी लक्षात घेतली पाहिजे.

युवा न्यायालय म्हणजे काय?

ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतली. टेक्सासमधील ओडेसा येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या न्यायालयाचा तिचे आद्य रूप म्हणून उल्लेख होतो. किरकोळ गुन्हा मान्य केलेल्या मुलासमोर त्याच्याच वयाची प्रशिक्षित मुले बसतात, त्याचे म्हणणे ऐकतात आणि शिक्षा सुचवतात. ही शिक्षा तुरुंगाची नसते. लेखी क्षमायाचना, नुकसानभरपाई, सामुदायिक सेवा, समुपदेशन असे तिचे स्वरूप असते. मुलाने ती पूर्ण केली की त्याच्या नावावर गुन्ह्याचा डाग राहत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील रेड हूक या गरीब वस्तीत असे न्यायालय १९९८ पासून चालू झाले.

या प्रयोगांचे मूल्यमापन वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये चार राज्यांत केले. अलास्कात युवा न्यायालयातून गेलेल्या मुलांपैकी सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्याकडे वळलेली ६ टक्के होती, तर नेहमीच्या मार्गाने गेलेल्या मुलांत हे प्रमाण २३ टक्के होते. मिसुरीत हेच आकडे ९ आणि २८ होते. ॲरिझोनात फरक निर्णायक नव्हता. मेरीलँडमध्ये तर युवा न्यायालयापेक्षा पोलिसांनीच चालविलेल्या पर्यायी कार्यक्रमाचा आकडा अधिक चांगला आला. यातून निघणारा बोध असा की, मुले न्यायासनावर बसली म्हणून चमत्कार घडत नाही. मुलाकडे कोणी वेळेवर लक्ष दिले, सांगितलेले काम त्याच्याकडून करून घेतले आणि पुढे त्याची विचारपूस केली, तर फरक पडतो. न्यायालयाचे नाव त्या मानाने गौण ठरते.

आपला कायदा कोरा नाही

भारतात अशा पर्यायासाठी नवा कायदा करावा लागेल, असा समज आहे. तो चुकीचा आहे. शीला बर्वे नव्हे, शीला बारसे या मुंबईच्या पत्रकर्तीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि त्याच वर्षी संसदेने बाल न्यायाचा पहिला देशव्यापी कायदा केला. पुढे २००० चा आणि मग २०१५ चा कायदा आला. राज्यसभेने २२ डिसेंबर २०१५ रोजी संमत केलेल्या या शेवटच्या विधेयकाची चर्चा सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर जघन्य गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालवावा की नाही, या एकाच प्रश्नाभोवती फिरली. त्या गदारोळात कायद्याचा दुसरा चेहरा झाकला गेला.

तो चेहरा असा. कलम ३ मध्ये न्यायालयीन प्रक्रियेपासून मुलाला शक्यतो दूर वळविण्याचे तत्त्व नमूद आहे. कलम १८ अन्वये बाल न्याय मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, गट-समुपदेशनात भाग घेण्यास सांगू शकते, सामुदायिक सेवेचा आदेश देऊ शकते किंवा परिवीक्षेवर सोडू शकते. विशेष गृहाचा मार्ग या यादीत सर्वांत शेवटी येतो. २०१६ च्या आदर्श नियमांनी सामुदायिक सेवेची उदाहरणेही दिली आहेत : उद्यानाची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक. वयाची अट चौदा वर्षांपुढील. जघन्य गुन्हा नसेल आणि प्रौढांचा सहभाग नसेल, तर प्राथमिक माहिती अहवाल न नोंदवता दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला द्यावा, असेही हे नियम सांगतात. एवढेच काय, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने प्रौढांसाठीही काही किरकोळ गुन्ह्यांत सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून मान्य केली आहे.

तात्पर्य, युवा न्यायालय हे स्वतंत्र न्यायपीठ म्हणून आपल्याकडे उभे राहू शकणार नाही, कारण निर्णयाचा अधिकार मंडळाकडेच आहे. पण मंडळाला सल्ला देणारे, गट-समुपदेशनाच्या चौकटीत काम करणारे समवयस्कांचे मंडळ नेमण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. आडकाठी आहे ती पैशाची.

अंदाजपत्रकातील गाळलेली जागा

बालसंरक्षणाचा केंद्रीय निधी 'मिशन वात्सल्य' या योजनेतून येतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी १५०० कोटी रुपयांची तरतूद होती. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अठरा वर्षांखालील मुले सुमारे ४७ कोटी. हिशेब केला तर केंद्राच्या वाट्यातून दर मुलामागे वर्षाला सुमारे ३२ रुपये येतात. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी आहे.

त्याहून महत्त्वाचे, हा पैसा कोणत्या शीर्षाखाली जातो? वैधानिक मंडळे व समित्या, जिल्हा बालसंरक्षण कक्ष आणि निवासी संस्था हे त्याचे ठळक घटक. बिगरसंस्थात्मक काळजीच्या घटकात प्रायोजकत्व, प्रतिपालन, दत्तक आणि पश्चात सेवा येतात. प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला ४००० रुपये झाली, हे स्वागतार्हच आहे. मूल संस्थेपेक्षा घरात बरे वाढते, हे तत्त्व सरकारने त्यातून मान्य केले. परंतु निराधार मुलासाठी मान्य केलेले हे तत्त्व चुकलेल्या मुलापर्यंत पोहोचलेले नाही. मंडळाने सामुदायिक सेवेचा आदेश दिला, तर ती कोणत्या संस्थेत, कोणाच्या देखरेखीखाली, कोणाच्या मानधनावर करून घ्यायची, याचे उत्तर देणारे स्वतंत्र शीर्ष या यादीत नाही.

परिणाम उघड आहे. खाट, भिंत आणि पहारेकरी यांचा खर्च हिशेबात बसतो. मुलाच्या घरी जाऊन येणाऱ्या माणसाचा बसत नाही. लखनऊच्या मोहान रोडवरील राजकीय संप्रेक्षण गृह असो वा मुंबईतील डोंगरीचे निरीक्षणगृह, अशा वास्तू चालू ठेवाव्याच लागतात आणि त्यांचा खर्च दरवर्षी आपोआप पुढे सरकतो. पर्यायी मार्गाला मात्र दरवर्षी नव्याने हात पसरावा लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या अभ्यासाने या दुर्लक्षाची किंमत दाखवून दिली. ऑक्टोबर २०२३ अखेर ३६२ मंडळांपुढील एक लाखाहून अधिक प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती आणि सुमारे चारपैकी एका मंडळात सदस्यसंख्या पूर्ण नव्हती. कायदा चौकशीसाठी चार महिने देतो, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यानंतरही अपुरी राहिली, तर ती संपुष्टात येते. म्हणजे मुलाला ना शिक्षा, ना सुधारणा, ना निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र. मधल्या काळात शाळा मात्र सुटलेली असते. आणि हे सारे किती मुलांसाठी? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. देशातील त्या वर्षीच्या एकूण दखलपात्र गुन्ह्यांच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का भरते. प्रश्न आटोक्याबाहेरचा नाही, हे यावरून दिसते.

पुण्याचा निबंध

पर्यायी शिक्षेची कल्पना महाराष्ट्रात सर्वांत बदनाम झाली ती पुण्यात. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्श मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांतच जामीन मिळाला. रस्ता सुरक्षेवर तीनशे शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम, या त्याच्या अटींपैकी दोन. संतापाची लाट उसळली, मंडळाने आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठविले, २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांच्या नियुक्त्या रद्द केल्या.

या प्रकरणानंतर 'निबंध' हा शब्दच थट्टेचा विषय झाला. पण थट्टा नेमकी कशाची व्हायला हवी होती? दोन जीव गेलेले प्रकरण युवा न्यायालयाच्या कक्षेत कोठेच येत नाही. अमेरिकेतही ही न्यायालये किरकोळ चोरी, तोडफोड, मारामारी अशाच बाबी हाताळतात. दुसरे म्हणजे, सामुदायिक सेवा ही चौकशीनंतर, मुलाची पार्श्वभूमी तपासून द्यावयाची असते, पहिल्याच दिवशी जामिनाची अट म्हणून नव्हे. यंत्रणा नसली की पर्याय असा कागदी होतो. श्रीमंताच्या घरी त्याचा निबंध होतो आणि गरिबाच्या मुलासाठी तो अस्तित्वातच येत नाही.

परप्रांतातले मूल

या असमानतेचा सर्वाधिक फटका स्थलांतरितांना बसतो. लखनऊसह उत्तर भारतातील सराफ बाजारांत सांगली जिल्ह्यातून आलेली गलाई व्यावसायिकांची मराठी कुटुंबे आहेत. उलट दिशेने गोंडा, बस्ती, जौनपूरची मुले मुंबई-ठाण्यात कामाला जातात. अशा मुलाच्या हातून चूक घडली तर जामिनासाठी पालक कोठून आणायचा, घरची चौकशी कोणी करायची? मुलाला त्याच्या मूळ जिल्ह्यात पाठविण्याची तरतूद कलम ९५ मध्ये आहे. पण दोन राज्यांच्या दोन कार्यालयांत पत्रव्यवहार होईपर्यंत मूल संस्थेतच राहते. गुन्हा किरकोळ असला तरी गाव दूर असल्याची शिक्षा त्याला आधी भोगावी लागते.

युवा न्यायालयाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक धोका ओळखला पाहिजे. लखनऊच्या नामांकित इंग्रजी शाळांतील मुले न्यायासनावर आणि झोपडपट्टीतील मुले समोर, असे चित्र उभे राहिले तर तो समवयस्कांचा न्याय ठरणार नाही, जुन्याच उतरंडीला नवे नाव मिळेल. गुन्हा मान्य करण्याची अट वकिलाच्या सल्ल्याशिवाय घातली तर निरपराध मूलही सुटकेसाठी होकार देईल. शिवाय कलम ७४ नुसार मुलाची ओळख गुप्त राहिली पाहिजे. ही पथ्ये पाळायची तर प्रशिक्षण हवे, प्रशिक्षणाला माणसे हवीत आणि माणसांना नियमित वेतन हवे.

मागणी काय असावी?

सार्वजनिक पैशाने समाजातला न्याय चालविणे महाराष्ट्राला नवे नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि तंटे मिटविणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार दिले. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सरकारने पाठबळ दिले तर गावकरी पुढे येतात. मात्र पैसा मिटविलेल्या तंट्यांच्या संख्येशी बांधला, तर कागदावरचे समेट वाढण्याची भीतीही असते. म्हणून युवा न्यायालयांचा निधी प्रकरणांच्या संख्येशी न बांधता कायम स्वरूपाच्या मनुष्यबळाशी बांधावा.

उत्तर प्रदेशचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ८ लाख कोटी रुपयांहून मोठा होता. त्यात या कामासाठी एक छोटे, पण स्वतंत्र शीर्ष उघडणे अशक्य नाही. कायद्याच्या कलम १०५ मध्ये राज्यांना बाल न्याय निधी स्थापन करण्याची मुभा आहे, तिचा उपयोग याच कारणासाठी व्हावा. किरकोळ गुन्ह्यांपुरती सुरुवात लखनऊच्या एका मंडळापासून करता येईल. लखनऊ विद्यापीठाचा समाजकार्य विभाग आणि राममनोहर लोहिया राष्ट्रीय विधि विद्यापीठ शहरातच आहेत. समवयस्क सदस्यांत सरकारी शाळांतील आणि वस्त्यांतील मुलांचा वाटा निम्म्याहून कमी नसावा. आणि सर्वांत आधी, निवृत्तिवेतनाच्या अर्जांखाली दबलेल्या प्रोबेशन अधिकाऱ्याला त्याचे मूळ काम करण्यास माणसे आणि वेळ मिळावा.

हे शेवटचे काम न करता युवा न्यायालयांचे फलक लावले, तर उद्घाटने होतील, छायाचित्रे छापून येतील आणि वर्षभरात अनुदान संपले की फलक उतरतील. १९३८ च्या कायद्याने अपराध्यासोबत तुरुंगाबाहेर चालणारा एक अधिकारी कल्पिला होता. त्याच्या पगाराची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करायची, याचे उत्तर लखनऊला आणि मुंबईला आता त्यांच्या अंदाजपत्रकांतूनच द्यावे लागेल.