आईचा आडवा ग्लास

आईला घेऊन इटलीला जाऊन आल्यापासून गटातल्या बऱ्याच जणी आम्हाला विचारतात, "तिकडं जेवताना वाइन पितात म्हणे. मग तुमच्या आईनं काय केलं?" आज तेच सांगतो.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी मिलानला नोकरी करते. सप्टेंबरात आम्ही आईला तिथून तोस्काना भागात नेलं आणि सिएना शहराजवळ एका शेतकऱ्याच्या घरी चार दिवस राहिलो. अशा राहण्याला तिकडे आग्रितुरिस्मो म्हणतात. इटलीनं १९८५ साली त्यासाठी कायदा केला. अट अशी, की मुख्य काम शेतीच राहिलं पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. पाहुण्यांच्या ताटातही बरंचसं त्या शेतातलं नाहीतर आसपासचं हवं.

पहिल्या रात्री टेबलावर पाव, ऑलिव्हचं तेल आणि लाल वाइन आली. आईचा चेहराच बदलला. आमच्या वडिलांनी दारूपायी दोन एकर रान घालवलं. पुढे गावात बाटलीचं मतदान झालं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. त्यासाठी आई घरोघर फिरली होती. तिनं समोरचा ग्लास उचलला आणि आडवा करून ठेवला.

घरमालकीण बघतच राहिली. आम्ही तिला सगळी हकीकत सांगितली. तिनं ग्लास उचलून नेला आणि पाण्याचा जग आणून ठेवला. कुणी आग्रह केला नाही.

तिकडे सगळं एकदम वाढत नाहीत. आधी तोंडी लावायला थोडं, मग सूप किंवा पास्ता, मग भाजी-मांस, शेवटी गोड. जेवण दोन-दोन तास चालतं. आई सारखी वाढायला उठायची. "आई, बस गं," असं आम्हाला चारदा म्हणावं लागलं.

तिला सगळ्यात आवडलं रिबोलिता. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांचा कोबी घालून केलेलं दाट सूप. रिबोलिता म्हणजे पुन्हा उकळलेलं. "अगं, शिळ्या भाकरीचा काला हा!" आई म्हणाली. तिथला पाव अळणी असतो, म्हणून तिनं वरून मीठ घेतलं.

दिवसा ती मालकिणीबरोबर द्राक्षबागेत जायची. तासगावकडच्या बागांत तिनं विरळणीची मजुरी केलेली, त्यामुळे भाषा येत नसली तरी घड हातात घेऊन दोघींचं बोलणं व्हायचं. तिथली वाइन कियांती. ती मुख्यतः सांजोवेझे नावाच्या काळ्या द्राक्षाची असते. द्राक्षं सालीसकट चिरडून आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि आंबताना रसातल्या साखरेचं अल्कोहोल होतं. शंभर भागांत साधारण तेरा भाग.

शेवटच्या रात्री विन सांतो आली. तिच्यासाठी द्राक्षं काही महिने सुकवतात आणि मग त्यांचा रस काढतात. बदाम घातलेलं कडक बिस्कीट तिच्यात बुडवून खातात. आई म्हणाली, "म्हणजे बेदाण्याचीच की! बघू तरी." तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. तिनं बिस्कीट बुडवून खाल्लं, एक घोट घेतला. "गोड आहे, पण घसा जाळतंय. बिस्कीट मात्र झकास."

मग जरा थांबून म्हणाली, "इथं बाटली जेवणाबरोबर उघडते. आपल्या घरात बाटली उघडली की जेवण बंद व्हायचं."

आम्ही दोघी गप्प झालो.

मैत्रिणींनो, वाइन चांगली असते असं आम्ही सांगत नाही. दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. सांगायचं ते वेगळंच. आईनं नको म्हटलं तेव्हा ते ऐकलं गेलं, आणि घोट घेतला तो स्वतःच्या मर्जीनं. चार दिवस ती बसून, गरम जेवली.

त्यासाठी इटलीलाच जायला हवं असं नाही. आता घरी आम्ही आधी आईचं ताट वाढतो. ती अजूनही उठते. आम्ही म्हणतो, "आई, बस गं."