डोह दिसतो तसा नसतो!

'दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं' ही म्हण माणसांबद्दल आहे असं आपण समजतो. पण नदीतल्या डोहाला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. सेमिस्टर संपलं की आपल्यापैकी बरेच जण गावाकडे जातात. गावाजवळ नदी असली की बाभळीच्या बनातून वाट काढत एखाद्या निवांत डोहावर पोहायला जायचा बेत ठरतोच. तो बेत रद्द करा असं सांगण्यासाठी हा लेख नाही. डोह तयार कसा होतो, तो ओळखायचा कसा, आणि आजच्या नदीत ही जुनी ओळख पुरी का पडत नाही, एवढंच सांगायचं आहे. थोडं फ्लुईड मेकॅनिक्स येईल, पण घाबरू नका, व्हायवा नाही!

माझं आजोळ जालना जिल्ह्यातलं कुंभार पिंपळगाव. तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब इथून जवळच आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि पलीकडच्या तीरावर बीड जिल्हा लागतो. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे पाण्यासाठी माझ्याकडे रिव्हर, लेक, पॉन्ड असे मोजकेच शब्द होते. आजोळी मात्र डोह, उतार, धार, भोवरा, दरड असे कितीतरी शब्द कानावर पडले. इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं की यातला एकेक शब्द म्हणजे हायड्रॉलिक्सचा एकेक धडा आहे!

डोह म्हणजे खोल आणि संथ पाणी. उतार म्हणजे उथळ जागा, जिथून पायी नदी ओलांडता येते. नदीत हे दोन्ही आलटून पालटून येतात. नैसर्गिक नदीत दोन डोहांमधलं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण ५ ते ७ पट असतं, असं अभ्यासकांना अनेक ठिकाणी आढळलं आहे. म्हणजे डोह कुठेही पडत नाही, त्याला हिशोब असतो.

सर्वात खोल डोह बहुधा वळणावर असतो. का, हे चहाच्या कपात दिसतं. चहा चमच्याने गोल ढवळा आणि थांबा. चहापत्ती कडेला फेकली जायला हवी, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली याच चहापत्तीचं उदाहरण घेऊन नद्या वळणं का घेतात हे समजावलं होतं. पाणी वळतं तेव्हा वरचा वेगवान थर बाहेरच्या काठाकडे ढकलला जातो. तळाचं पाणी घर्षणामुळे मंद असतं, ते आतल्या काठाकडे परत येतं आणि येताना वाळू घेऊन येतं. त्यामुळे बाहेरचा काठ खणला जातो आणि आतल्या काठावर वाळू साचते.

यातून एक उपयोगी नियम मिळतो. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा हळूहळू खोल होत जाणारा काठ असतो. बाहेरच्या बाजूला उभी दरड आणि तिच्या पायाशी डोह असतो. म्हणून पाण्यात शिरायचं ते वाळूच्या बाजूने, आणि दरडीवरून उडी कधीच मारायची नाही. दरड खालून पोखरलेली असते आणि पाण्याखाली झाडांची मुळं असतात. सह्याद्रीकडे आणि दख्खनच्या खडकाळ नद्यांत मात्र वेगळा प्रकार दिसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरागरा फिरून बेसाल्ट खडकात रांजणासारखे खड्डे कोरतात. त्यांच्या भिंती उभ्या आणि गुळगुळीत, धरायला काही नाही.

आता डोह फसवतो कसा ते पाहू. पहिली फसवणूक डोळ्यांची. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, म्हणून सरळ वरून पाहिलं तर १२ फूट खोल पाणी ९ फूट दिसतं. काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी!

दुसरी फसवणूक वेगाची. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, आपल्या रमतगमत चालण्याइतका वेग. पण एवढ्या प्रवाहात छातीभर पाण्यात उभं राहिलं तर अंगावर साधारण २५ किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, म्हणजे १०० किलो! ऑलिम्पिकमधले १०० मीटर फ्रीस्टाइलचे विजेतेसुद्धा सेकंदाला साधारण २ मीटरच पोहतात, तर आपली काय कथा? म्हणून प्रवाहात सापडलो तर उलट दिशेने झुंजायचं नाही. पाय पुढे करून तरंगत राहायचं आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं.

तिसरी फसवणूक गारव्याची. उन्हाने वरचं पाणी कोमट होतं, पण खोल डोहात खालचा थर गारच राहतो. घामाघूम अंगाने एकदम बुडी मारली तर दचकून श्वास आत ओढला जातो. तेव्हा नाक-तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं सांगायला नको.

इथपर्यंतचं सगळं नैसर्गिक नदीचं झालं. आमची गोदावरी आता तशी राहिलेली नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. वरच्या बाजूला पैठणचं जायकवाडी धरण आहे. त्याचं लोकार्पण १९७६ साली झालं आणि त्याला २७ दरवाजे आहेत. खाली घनसावंगी तालुक्यात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे झाले. बंधाऱ्याची दारं बंद झाली की जुना उतारसुद्धा पाण्याखाली जातो. वरून सगळीकडे सारखंच संथ पाणी दिसतं. उतार कुठला आणि डोह कुठला, काही कळत नाही.

त्यात भर वाळू उपशाची. नैसर्गिक डोहाला निदान एक बाजू उतरती असते. यंत्राने केलेल्या खड्ड्याला कुठलाच नियम नसतो. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल दोन पुरुष खोल खड्ड्यात पडू शकतं. खड्ड्याच्या काठाची वाळू पाय ठेवताच घसरते, त्यामुळे परत वर चढताही येत नाही. माझे मामा लहानपणापासून गोदावरीत पोहलेले. तेच म्हणतात, "पोरी, नदी आता वळखीची राह्यली नाही. औंदा जिथं टेक लागला तिथं पुढल्या साली लागंलच असं नाही." पट्टीच्या पोहणाऱ्याचे हे शब्द आहेत.

पाण्याची पातळीही आपल्याला विचारून वाढत नाही. समजा धरण ६० किलोमीटर वर आहे आणि सोडलेलं पाणी ताशी ६ किलोमीटरने येतंय. म्हणजे पहाटे सोडलेलं पाणी १० तासांनी, भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली आपल्यापर्यंत पोहोचेल. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीच्या विसर्गामुळे पैठणमध्ये लोकांना सुरक्षित जागी हलवावं लागलं होतं. जंगलातल्या ओढ्यांना तर इतकाही वेळ लागत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की फोटो राहू द्या आणि आधी बाहेर पडा.

मग करायचं काय? निवांत जागा म्हणजे मदत लांब, हे धरूनच तयारी करायची. एकट्याने जायचं नाही आणि घरी जागा सांगून जायचं. गावातल्या, याच वर्षी त्या पाण्यात उतरलेल्या माणसाला विचारायचं, कारण पाच वर्षांपूर्वीची माहिती आता खोटी असू शकते. बांबूने तळ चाचपत, पाऊल न उचलता सरकवत आत जायचं. सोबत लांब दोरी आणि झाकण घट्ट बसणारा ५ लिटरचा रिकामा कॅन ठेवायचा. पूर्वी मुलं पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची, त्यामागचं आर्किमिडीजचं तत्त्व तेच. ५ लिटर हवा म्हणजे जवळपास ५ किलोचा आधार. माणसाचं डोकं साधारण तेवढ्याच वजनाचं असतं, म्हणजे नाक-तोंड पाण्यावर राहायला तो पुरतो.

कोणी बुडायला लागलं तर त्याच्या मागे उडी घेऊ नका. बुडणारा माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. काठावरून कॅन बांधलेली दोरी, बांबू, नाहीतर ओढणी टाका. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करा, आणि दुसऱ्याला १०८ किंवा ११२ ला फोन लावू द्या.

भारतात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. त्यात आपल्या वयाची कितीतरी असतात आणि त्यातल्या अनेकांना पोहता येत होतं. पोहता येणं आणि नदी वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण विहिरीत शिकतो. दुसरीसाठी थोडं पुस्तक लागतं, थोडे गावचे जाणते लागतात आणि काठावर दहा मिनिटं शांत उभं राहण्याचा धीर लागतो. तेव्हा मंडळी, येत्या सुट्टीत डोहावर जरूर जा, पण कपडे काढण्याआधी ती दहा मिनिटं नदीला द्या!