टीव्ही फुल एचडी, मग चित्र धूसर का? मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढे तपासाच

कामठी : मोठा टीव्ही भिंतीवर लागतो, घरातले सगळे समोर बसतात, रोजची मालिका सुरू होते आणि कुणीतरी बोलून जाते, ‘जुन्या टीव्हीवर यापेक्षा बरे दिसत होते.’ गंमत म्हणजे हे बोलणे बहुतेक वेळा खरे असते आणि टीव्हीही चांगलाच असतो.

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ४३ इंची टीव्ही मध्यम उत्पन्नाच्या घरालाही आवाक्यातला वाटू लागला. पडदा मोठा झाला, पण त्याला जोडलेला सेट टॉप बॉक्स, वायर आणि चॅनेलचे पॅकेज जुनेच राहिले. मग मेकॅनिक येतो, व्हिजिट चार्ज घेतो, कधी बूस्टर लावून जातो आणि चित्र होते तसेच राहते. दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी दहा मिनिटांत कळू शकते.

आधी मेन्यू उघडा

टीव्हीच्या रिमोटवरील होम किंवा मेन्यूचे बटण दाबा. पडद्यावर येणारी अक्षरे आणि चिन्हे टीव्ही स्वतः तयार करतो. ती केबलमधून किंवा छत्रीतून येत नाहीत. ही अक्षरे रेखीव दिसत असतील, तर पॅनल ठीक आहे. दोष टीव्हीच्या मागे कुठेतरी आहे. बॉक्समध्ये, वायरमध्ये, पॅकेजमध्ये किंवा सेटिंगमध्ये. मेन्यूच धूसर, डागाळलेला किंवा एका बाजूने काळपट दिसला, तरच टीव्हीवर संशय घ्यावा.

डिजिटल म्हणजे एचडी नव्हे

सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. केबलचे डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने झाले. नागपूर दुसऱ्या टप्प्यात होते, त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. कामठीसारख्या नगरपरिषदांचा उरलेला शहरी भाग तिसऱ्या टप्प्यात आला. त्याची वाढवलेली मुदत ३१ डिसेंबर २०१५. त्या काळात घरोघरी जे बॉक्स बसले, त्यातले बहुतेक एसडी म्हणजे स्टँडर्ड डेफिनिशनचे होते. बॉक्स डिजिटल झाला, चित्रातल्या मुंग्या गेल्या, म्हणून अनेकांनी ‘आपल्याकडे एचडी आले’ असे धरून चालले.

आकडे पाहिले की फरक लक्षात येतो. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. बरोबर पाचपट. आता चार लाख ठिपक्यांचे चित्र वीस लाख ठिपक्यांवर पसरायचे, तर उरलेले ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. चेहरे मेणासारखे आणि क्रिकेटच्या मैदानावरचे गवत हिरव्या डागासारखे दिसते ते यामुळे. फोर-के टीव्ही घेतला तर ही तफावत वीसपट होते. म्हणजे टीव्ही जितका महाग आणि मोठा, तितके एसडी चॅनेल त्यावर वाईट दिसते. दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिथे डेमोचा व्हिडिओ मुळातच उत्तम दर्जाचा असतो.

अंतराचाही यात हात आहे. एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावरून पाहण्यासाठी आखलेले आहे. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे अंतर सव्वापाच फुटांच्या आसपास. एसडीसाठी मात्र याच्या दुप्पट अंतर लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ते मिळणार कुठून?

तपासायचे कसे? झी मराठी आणि झी मराठी एचडी, स्टार प्रवाह आणि स्टार प्रवाह एचडी ही वेगवेगळी चॅनेल आहेत, त्यांचे क्रमांकही वेगळे आहेत. ट्रायची नवी दरव्यवस्था १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झाली, तेव्हापासून एचडी आणि एसडी आवृत्त्यांची किंमत स्वतंत्र आहे. तेव्हा बिल आटोक्यात ठेवण्यासाठी अनेकांनी एसडी निवडले आणि तेच पॅकेज आजही सुरू आहे. सगळेच पॅक एचडी करण्याची गरज नाही. घरात खरोखर पाहिली जाणारी दोन-चार चॅनेल एचडीत घेतली तरी पुरते. मात्र बॉक्स एचडी असायला हवा, नाहीतर पॅकेज बदलून उपयोग नाही. डीडी फ्री डिशवरील बहुतांश चॅनेल एसडीच आहेत. महिन्याला एक रुपयाही न देता ती दिसतात, तेव्हा तिथे टीव्हीला दोष देण्यात अर्थ नाही.

ती तीन रंगांची वायर काढा

एचडी बॉक्स आहे, एचडी चॅनेलही आहे आणि तरी चित्र धूसर आहे, अशा घरात टीव्हीच्या मागे डोकवावे. पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची जुनी वायर दिसली, तर उत्तर सापडले. ही वायर एसडीपेक्षा जास्त दर्जाचे चित्र वाहूनच नेऊ शकत नाही. महिन्याचे एचडीचे पैसे भरायचे आणि ते शेवटच्या दीड मीटरमध्ये घालवायचे, असा हा प्रकार. एचडीएमआयची वायर जोडा, टीव्हीत सोर्स म्हणून एचडीएमआय निवडा. एचडी चॅनेलसाठी साधी एचडीएमआय वायर पुरेशी आहे; सोन्याच्या मुलाम्याच्या महागड्या वायरीने चित्र सुधारत नाही.

वायर बदलल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट पाहावे. ते अनेकदा ५७६ वर अडकलेले असते. ते १०८० करावे आणि चित्राचा आकार १६:९ ठेवावा. माणसे बुटकी आणि रुंद दिसत असतील, तर ४:३ चे चित्र ताणले जात आहे.

दुकानातले रंग घरात नकोत

टीव्हीतला व्हिव्हिड मोड दुकानातल्या झगझगीत उजेडासाठी असतो. घरात स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड ठेवावा. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होते, हा गैरसमज आहे. त्याने फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते आणि एसडी चित्रातला खडबडीतपणा उलट वाढतो. तो कमीच ठेवावा. चित्र फार अंधारे वाटत असेल तर एनर्जी सेव्हिंग बंद करून पाहावे. बातम्यांची खालची पट्टी अर्धवट कापली जात असेल, तर पिक्चर साइजमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ असा पर्याय शोधावा. टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा छाटत असतो, ते त्याने थांबते आणि स्पष्टपणाही थोडा वाढतो.

चौकोन पडतात, ते दुखणे वेगळे

चित्र सतत धूसर असणे आणि चित्रात चौकोन पडून ते अडकणे, या दोन तक्रारी एकच समजल्या जातात. डिजिटल सिग्नल कमजोर झाला म्हणून चित्र फिके किंवा धूसर होत नाही. ते एकतर पूर्ण येते, तुकड्यातुकड्यांत फुटते किंवा जाते. म्हणून धूसर चित्रावर बूस्टरचा इलाज सुचवला, तर पैसे देण्याआधी विचार करावा.

चौकोनांचे कारण मात्र सिग्नलच. कामठीत मे महिन्याचे ऊन ४५ अंशांवर जाते. गच्चीवर उघड्या पडलेल्या वायरीचे आवरण त्या उन्हात कडक होऊन तडकते आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरते. जोडणीची पिन गंजलेली असेल तर ती बदलणे हे काही फुटांच्या वायरीचे आणि एका कनेक्टरचे काम आहे. एका लाइनवर स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालवले, तर प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो. केबलवर ही अडचण हमखास येते.

छत्रीसाठी दिशा महत्त्वाची. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे कामठीतून आग्नेयेला. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत, जवळजवळ दक्षिणेला. दोन्ही आकाशात ६० ते ६५ अंश उंचावर. त्यामुळे समोरच्या घरापेक्षा डोक्यावर वाढलेली कडुलिंबाची फांदी जास्त आड येते, आणि ती पावसाळ्यात पानांनी भरली की तक्रारी सुरू होतात. मुसळधार पावसात चित्र जाणे स्वाभाविक आहे. या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस ठरावीक वेळी चित्र काही मिनिटे जाते, तेव्हा सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे आलेला असतो. छत्रीला हात लावू नये. छत्रीवर बसलेली कोरड्या राखेची किंवा धुळीची पातळ पुटे मात्र सिग्नलला फारशी अडवत नाहीत, ती धुण्यासाठी शिडी चढण्याचा धोका पत्करू नये.

बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. क्वालिटीची पट्टी खाली-वर होत असेल, तर कंपनीला तसेच सांगावे. ‘चित्र नीट दिसत नाही’ या तक्रारीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

मोबाइलवर स्पष्ट, टीव्हीवर नाही

ओटीटीचे गणित सोपे आहे. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर तो वेग टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. शक्य असल्यास लॅनची वायर लावावी. स्वस्त प्लॅनमध्ये दर्जा मुळातच मर्यादित असतो, हेही पाहून घ्यावे. यूट्यूब ‘ऑटो’वर असेल तर ते वेग पाहून स्वतःच दर्जा उतरवते.

टीव्हीच बिघडला असेल तर?

मेन्यूच्या चाचणीत टीव्ही नापास झाला, तर कारण बहुधा बॅकलाइटमध्ये असते. आवाज येतो पण पडदा काळा आहे, अशा वेळी अंधारात पडद्यावर टॉर्च तिरपा धरावा. पुसट चित्र हलताना दिसले, तर पॅनल शाबूत आहे आणि मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत. त्या बदलता येतात. उभी किंवा आडवी रेघ कायम दिसत असेल तर मात्र पॅनलचा किंवा त्याच्या जोडणीचा प्रश्न असतो, आणि पॅनलचा खर्च कधीकधी नव्या टीव्हीच्या जवळ जातो. ‘पॅनल गेले’ असे कुणी सांगितले, तर आधी टॉर्चची चाचणी आपल्यासमोर करायला लावावी.

वॉरंटीत असताना टीव्ही बाहेरच्या माणसाकडून उघडू नये. बिल, मॉडेल क्रमांक आणि मेन्यूचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जवळ ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवावी व तक्रार क्रमांक घ्यावा. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर हाच तक्रार क्रमांक सांगून पुढे जाता येते.